खिडकीचा दोष नाही

अहो,

खिडकीला फळ्या ठोकायला सुतार आला होता. मी त्याला परत पाठवलं. “साहेब चिडले तर?” म्हणाला. मी म्हटलं, चिडतीलच, ते मी बघते.

प्रोजेक्टरच्या नव्या स्क्रीनवर चित्र मळकट दिसतं, यात खिडकीचा काही दोष नाही. काल भावोजी म्हणाले, “वहिनी, तुमच्या खिडकीनेच घात केला!” आणि तुम्हीही हसलात, म्हणून हे लिहून ठेवते. स्क्रीनवर बारीक आडव्या रेघा आहेत. त्या वरून येणारा प्रकाश गिळतात आणि खालून येणारा आपल्याकडे पाठवतात. खोलीतल्या उजेडाने चित्र पुसट होऊ नये म्हणून ही सोय, आणि त्यापायीच ती साध्या स्क्रीनच्या पाचपट महाग. पण आपला प्रोजेक्टर छताला टांगलेला आहे, तेव्हा त्याचाही प्रकाश ती गिळते. पटत नसेल तर टॉर्च आधी वरून मारून बघा, मग खालून. दुकानदार परत घेणार नाही, मी विचारलं.

“खिडकी सताड उघडी ठेव, भर दुपारी सिनेमा बघू,” असं म्हणून तुम्ही ही स्क्रीन आणली होती.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी लायब्ररीत जाऊन बसते, सातपर्यंत येईन.

सुताराला पुन्हा बोलावू नका. मोठ्या घराच्या अनामतीसाठी साठवलेले पैसे त्या स्क्रीनमध्ये गेले, म्हणजे आता आपल्याला इथेच राहायचंय. इथे खिडकी एकच आहे. ती राहू द्या.