आवाज न करणारं कार्ड

सोमवार, १० फेब्रुवारी

तेरा हजार — असं सगळ्यांना सांगितलंय. खरा हिशेब असा. स्टुडिओच्या कॉम्प्युटरचं जुनं ग्राफिक्स कार्ड तेरा हजार. ते एकशे सत्तर वॅट खातं, म्हणून पॉवर सप्लाय बदलला. औरंगाबादच्या दोन चकरा. एक हळदीचं शूटिंग बुडालं. आणि ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला नागपूरला जायचं सोडून मी कार्ड आणायला गेलो, म्हणून बायकोने, बेबीनंदाने, अबोला धरला. तो खर्चा कुठं मांडायचा?

पण मच्छिंद्रला तेराच सांगणार. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान माझ्या स्टुडिओच्या समोर. आज टपरीवर चारचौघांत म्हणाला, "राजाभाऊ, त्या कार्डावर आधीच्या पोरानं दोन साल रातदिन बिटकॉइनसारखे कॉइन काढले. चिपाड घेऊन आलात तुम्ही."

मी म्हणालो, "चिपाड असतं तर बोंबललं असतं. लग्न एडिटिंगला लावतो, पण फॅनचा आवाजसुद्धा येत न्हाई. ऐकायला ये."

माझे कान कॅमेऱ्याच्या आधीपासून कमावते आहेत. लोकांच्या लग्नात लाईट धरायचो, तेव्हा जनरेटरच्या आवाजावरून सांगायचो की डिझेल संपत आलंय. मला कोण शिकवणार?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझ्या पोरीने, सुमेधाने, आज सरळच सांगितलं. सीड कंपनीच्या तृप्ती मॅडमना एक मिनिटाची ॲनिमेशनची नमुना फिल्म हवी आहे — कपाशीचं बी मातीखाली कसं फुटतं, मुळं कशी उतरतात. शनिवारी द्यायची. पसंत पडली तर वर्षभराचं काम, इथंच जालन्यात, माझ्या शेजारच्या खुर्चीत. नाही पडली तर पुण्याच्या कंपनीला होकार.

"पप्पा, मशीन लई हळू चालून राह्यलंय. एक तर नवं कार्ड घ्या, न्हाईतर मला सगळं तपासू द्या."

"बारा जीबी मेमरीचं कार्ड हाय बेटा. पुण्यात तरी कितीजणांकडं असंल?"

पोरगी पुण्याला जाऊ नये, एवढं एकच मला हवंय. पण ते बोललो नाही. बोललो कार्डावर.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मच्छिंद्र डेमोचं नवं कार्ड घेऊनच आला. "ठेवा. लावून बघा, मंग बोला."

दोन्ही समोरासमोर मांडली. त्याचं आठ जीबी, माझं बारा. मेमरीचा रस्ता त्याचा एकशे अठ्ठावीस बिट, माझा एकशे ब्याण्णव. कोअर, म्हणजे आत राबणारे गडी, त्याच्यात तीन हजारांच्या वर, माझ्यात साडेतीन हजारांच्या वर. वीज मात्र ते कमी खातं — एकशे पंधरा वॅट. मच्छिंद्र म्हणतो, कोअर मोजू नका, नव्याचे कोअर जल्दी पळतात. मी म्हणालो, मांडव केवढा ते बघ. माझ्या मांडवात बसणारं वऱ्हाड तुझ्यात बसवून दाखव.

"गेम लावून बघा, कळंल."

"मी लग्नं करतो बाबा. गेम तू खेळ."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चाचणी झाली. अंबडचं एक लग्न, दोन्हीला तीच फाईल. आधी माझ्या कार्डावर, मग नव्यावर. माझ्यावर फिल्म तयार व्हायला दोन तास दहा मिनिटं. नव्यावर दोन तास नऊ. एका मिनिटाचा फरक! मच्छिंद्रने दोन्ही आकडे परत वाचले.

"काहीतरी गडबड हाय राजाभाऊ. इतकं बराबर येऊच शकत न्हाई."

हरलेला माणूस असंच बोलतो. नव्याचाही फॅन गप्प होता, मान्य. पण ते नवंच आहे. माझं जुनं असून गप्प, ही खरी गोष्ट.

मागून सुमेधा म्हणाली, "पप्पा, ही फाईल कशावरून बनवली?"

"धम्मपालच्या लग्नावरून. दुसरी कुठली?"

धम्मपाल माझा चुलतभाऊ. त्याचं लग्न हे माझ्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम. पहिल्या साध्या मशीनवर ती फाईल बनवली — टायटल, रंग, फुलांच्या चौकटी, स्टुडिओचं नाव, सगळं बसवलेलं. तेव्हापासून दर लग्नाला तीच कॉपी करायची, जुने नवरा-नवरी काढायचे, नवे टाकायचे. सुमेधालाही बियाण्याच्या फिल्मसाठी तीच दिलीय. ती म्हणाली, कोरी फाईल काढू का? मी म्हणालो, या फाईलनं घर बांधलं, तिला सोडायचं न्हाई.

फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकलं — जुनं बारा आणि नवं आठ, निकाल बरोबरीत, तेही तेरा हजारांत. मच्छिंद्रशेठना सप्रेम जय भीम. अंगठ्यांवर अंगठे आले. कार्ड संध्याकाळी परत केलं, पेढ्यासकट.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुळांचा भाग वेळेत तयारच झाला नाही. सुमेधाने तो कापला आणि बी फुटेपर्यंतचीच फिल्म दिली. तृप्ती मॅडम म्हणाल्या, "छान आहे गं. पण मुळंच तर दाखवायची होती."

जेवताना बेबीनंदा मला म्हणाली, "कार्ड बराबरीचं निघालं ना? मंग पोरगी का चालली?"

मी म्हणालो, मशीनचा काही दोष नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सुमेधा गेली. बॅग मीच गाडीत चढवली. "खिडकीत बसू नको, धूळ येती," एवढंच बोललो.

स्टँडवर मच्छिंद्र आल्ता. त्याने कार्डाचं नाव काढलं नाही. मीच काढलं. म्हणालो, तुझं नवं असतं तरी हेच झालं असतं, आपण मोजून बघितलंय. तो म्हणाला, "चला, चहा घेऊ." मला त्याची कीव नको. शेजारची खुर्ची मी हलवणार नाही. लाईट धरणाऱ्या माणसानं स्टुडिओ काढला, तो एका फिल्मनं बसत नसतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सुमेधाचा फोन. "पप्पा, एकदा माझं ऐका. कोरी फाईल काढा आणि तेच अंबडचं लग्न टाका. काकाच्या लग्नाची कॉपी नको."

नाही म्हणालो.

रविवार, २३ फेब्रुवारी

काढली. कोरी फाईल, तेच लग्न, माझंच कार्ड. बटन दाबलं आणि टेबलाखालून घोंऽऽ असा आवाज उठला. कार्ड गेलं असं वाटून मी स्विचकडे धावलो. गेलं नव्हतं. सांगितलेला चहा यायच्या आत लग्न तयार.

सुमेधाला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, तुमचं पहिलं मशीन बिनकार्डाचं होतं ना पप्पा. काकाच्या फाईलमध्ये 'काम फक्त प्रोसेसरनं करायचं, कार्डानं नाही' अशी खूण आहे. दर कॉपीत ती पुढं आली.

ऑक्टोबरपासून हे कार्ड एकदाही चाललं नव्हतं.