ज्यांना साहजिकच खबर मिळाली असती

६ मार्च, गुरुवार

आज दिल्लीत संसदेची समिती बसली असेल. दर गुरुवारी बसते, सकाळी. प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका जुळवत होते आणि डोळ्यांपुढे ती खोली. कधी पाहिलेली नाही, म्हणून हवी तशी मांडून घेते. उंच छत, लांब टेबल, झाकलेले पाण्याचे ग्लास. कुणीतरी कलम वाचतंय. कलम चार. माझा नवरा, शि., सध्या त्या कलमात राहतो.

आजचा कायदा म्हणतो, माणसाची सात वर्षं काही खबर नसेल तर तो मेला असं धरावं. नव्या विधेयकात सातची चार केलीत. शि.ला घरातून जाऊन सहा झाली. म्हणजे आज तो आहे, आणि विधेयक पास झालं की त्या दिवसापासून नाही. मध्ये कुणी आजारी पडणार नाही, की कुणाला खांदा द्यावा लागणार नाही.

वधूच्या नावात वेलांटी चुकली. मालकांनी बोट ठेवून दाखवली.

१३ मार्च, गुरुवार

पेपरात समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, तेव्हा मी पत्र पाठवलं होतं. लेकीनं, गौरीनं, हिंदी करून दिलं. करताना तोंड वाकडं. तिचं म्हणणं, चार कशाला, एकच वर्ष करा. कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांपुढे काय लिहायचं या प्रश्नाला ती कंटाळली आहे. वीस वर्षांची पोर. तिचं खरंच आहे.

अत्तींचं उलट. त्या माझ्या सासूबाई, पण बोलतात शि.ची आई म्हणून. लेकाला मेलेला म्हणणारा कागद या घरात येणार न्हाय, म्हणाल्या. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत मी दोघींच्या मध्ये झोपते.

पत्रात मी चारही मागितली नाहीत, सातही नाहीत. लिहिलं की बायकोही नाही आणि विधवाही नाही अशा बाईला कागदावर लिहायला एक शब्द द्या. तेवढ्यावर घरही चालेल आणि माणूसही मारावा लागणार नाही.

एक गोष्ट लिहिली नाही.

२० मार्च, गुरुवार

दुपारी प्रेसमध्ये वीज गेली. पंखा थांबला आणि टेबलावर डोकं टेकलं तर डोळा लागला. समिती सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्यांवर बसली होती. सगळे गुडघाभर पाण्यात, मांडीवर कागद. कागद भिजत नव्हते. एकेक जण शब्द उचलून पाण्यात सोडत होता आणि शब्द बुडतो की तरंगतो ते बघत होता. ‘मृत’ तरंगला. ‘बेपत्ता’ बराच वेळ एका जागी फिरत राहिला. पुढचा शब्द कुणाच्या तरी हातात होता, तेवढ्यात वीज आली.

३ एप्रिल, गुरुवार

दिल्लीहून फोन. समिती हैदराबादहून पुण्याला जाणार, वाटेत एक दिवस सोलापूर. पत्र लिहिणाऱ्यांतल्या काहींना बोलावणार, त्यांत मी. फोनवरचा अधिकारी मला ‘साक्षीदार’ म्हणाला. मी विचारलं, कशाची? त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे.

अत्तींना सांगितलं, सरकारी लोक ह्यांच्याबद्दल विचारायला येणार आहेत. त्यांनी लगेच पेटीतून फोटो काढला. लग्नातला, ओला कुंकवाचा टिळा, बावीस वर्षांचा शि. म्हणाल्या, “ह्यो दाव. लांबून आलेली माणसं हायती, वळखायला बरं.”

१० एप्रिल

विधेयकाची प्रत मागवली, मराठी मिळाली. रोज लोकांच्या मजकुरातल्या चुका काढते, म्हणून सवयीनं पेन्सिल घेऊन बसले. कलम चारमध्ये एका शब्दाशी अडकले. तो माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर मिळाली असती, त्यांना ती मिळालेली नसावी, असं आहे.

साहजिकच.

म्हणजे कोण? आई, बायको, मुलगी. पण खबर मिळाली आणि तिनं ती पोटात ठेवली, तर? त्या बाईविषयी कलमात काही नाही. तीनदा वाचलं. नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

झालं आज. क्रम लावून लिहायचं ठरवलं तर जमेना, जसं येईल तसं.

सरकारी सभागृह, एसी इतका की ४२ डिग्रीत मी पदर खांद्यावरून ओढून बसले. समिती मी मनात मांडलेल्या खोलीतल्यासारखी नव्हती. दमलेली माणसं. एकांनी चपला काढून पाय टेबलाखाली ताणले होते. सभापती बाई, पांढरे केस, आवाज शाळेतल्या बाईंचा. शेजारी एक दुभाषी, मूळची नगरची. सुरुवातीलाच बजावलं, इथं झालेलं बोलणं अहवाल संसदेत मांडेपर्यंत बाहेर सांगायचं नाही.

मी पत्रातलंच बोलले. शि. लूमवर जॉबर होता, माग बिघडले की लावून द्यायचा, कारखाना बंद झाला, मग तो हळूहळू गप्प होत गेला. भांडण नाही, दारू नाही. एके सकाळी टेंभुर्णीला काम बघतो म्हणून गेला. फोटो दाखवला. तो हातोहात टेबलभर फिरला आणि प्रत्येकानं नीट बघितला. अत्ती बरोबर होत्या.

मग दक्षिणेकडचे एक म्हातारे सदस्य होते, तोपर्यंत गप्प. त्यांनी विचारलं, दुभाषी बाईंनी मराठी केलं: “गेल्यानंतर त्यांनी तुम्हाला कधी काही कळवलं का?”

साधा प्रश्न. पोलिसांनीही विचारला होता. त्यांना मी नाही म्हणाले होते.

खोली एकदम लांब गेल्यासारखी झाली. एसीचा आवाज तलावाच्या पाण्यासारखा. आणि मी माझाच आवाज ऐकला.

“हो. त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला होता. म्हणाले, सुमा, मी आता येत नाही. वाट बघू नका.”

दुभाषी बाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं, की हे सांगू ना? मी मान हलवली. मग तेच वाक्य हिंदीतून गेलं, आणि इंग्रजीतून. माझ्या घरातलं वाक्य अनोळखी कपडे घालून टेबलावरून चालत गेलं.

कुणी रागावलं नाही. सभापती बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. म्हातारे म्हणाले, मग हा माणूस बेपत्ता नाही, स्वतःहून निघून गेलेला आहे, आणि त्याला आपल्या विधेयकात जागाच नाही.

बाहेर आले तर ऊन पांढरं. रिक्षा केली नाही, चालत आले. अत्तींनी विचारलं, फोटो दावला? दाखवला म्हटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

ते दिल्लीत परतले असतील. आज बहुतेक दुसरंच कलम. मी प्रेसमध्ये, पण आठ दिवस हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे चालतायत. गौरी म्हणाली, आई, तू ऐकतच नाहीस.

२६ एप्रिल, शनिवार

ईमेल. माझ्या साक्षीची शब्दशः प्रत. तपासून परत पाठवायची, पाच दिवसांत. नोंदीतल्या चुका दुरुस्त कराव्यात, अर्थ बदलू नये, असं वर छापलेलं.

प्रूफच आलं माझं. प्रेसमध्ये प्रिंट काढली, मालक जेवायला गेल्यावर. गावाचं नाव चुकलंय. ‘जॉबर’चं ‘जोबर’ झालंय. आणि मग ते वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इतकी वर्षं डोक्यात होतं तेव्हा धुक्यासारखं होतं. छापल्यावर दीड ओळ.

वाक्य काढायची खूण मला झोपेतही येते. एक रेघ, टोकाला एक वळसा. अहवालात ते छापलं गेलं तर गौरी वाचेल, ती वाचणारच. काढलं तर कुणाला कळणार? त्या बारा-पंधरा माणसांना. ती तर किती गावं फिरली असतील.

पेन्सिल वाक्यावर धरून बसले. टेकवली नाही.

२८ एप्रिल, सोमवार

काल अत्तींना सांगितलं. समितीतलं सांगायचं नाही म्हणालेत, ते नाही सांगितलं. पण फोन माझा आहे.

दुपारी त्या भाकरी थापत होत्या. पाऊणशे वय, अजून थापायला दुसऱ्या कुणाला देत नाहीत. मी दारात बसून सगळं सांगितलं. थापायचं थांबलं नाही. वाटलं ओरडतील, सहा वर्षं मला फसवलंस म्हणतील. मला तेच हवं होतं बहुतेक.

तव्यावरची भाकरी उलटली आणि मग विचारलं, “आवाज कसा हुता त्याचा?”

आठवून बघितलं. सहा वर्षांत शब्द लाख वेळा आठवले, आवाज एकदाही नाही. दुपारी गाढ झोपून उठलेल्या माणसासारखा होता. जड नाही, दुःखी नाही. विसावलेला.

तसं सांगितलं. अत्ती म्हणाल्या, “हौदा?” कानडीतलं ‘हो का’. पाठोपाठ म्हणाल्या, “मग बरा हाय त्यो.” आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ती मात्र एका बाजूनं जाड झाली. तीच स्वतःला घेतली.

१ मे, गुरुवार

गौरीलाही सांगितलं. अहवालातून कळण्यापेक्षा.

तिनं बॅग भरली आणि बार्शीला मैत्रिणीकडे गेली. परीक्षा झालीच आहे, म्हणाली.

प्रत पाठवली. गावाचं नाव दुरुस्त केलं. जॉबर दुरुस्त केलं. बाकी ठीक, म्हणून खाली सही.

१२ जून, गुरुवार

गौरी बार्शीतच. तिथं एका क्लासमध्ये मुलांना शिकवते आहे. फोन अत्तींच्या फोनवर करते. अत्ती स्पीकर लावतात आणि मी खोलीत नसल्यासारखी गप्प राहते. ती कधी कधी मध्येच जरा थांबते. त्या थांबण्यात मी असते.

समिती अजून दर गुरुवारी बसते. पेपरात दोन ओळी येतात, कधी त्याही नाहीत. कलमामागून कलम. कुठंतरी लांब एवढी माणसं आठवड्यातून एकदा शांतपणे एक शब्द धरून बसतात, याचं मला हल्ली बरं वाटतं. आपल्याला एकटीला बसावं लागत नाही.

२४ जुलै, गुरुवार

अहवाल मांडला संसदेत. प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर बघितला. मालक शेजारी खुर्ची घेऊन बसले, मीच बसा म्हटलं.

सात वर्षं कायम ठेवावीत, अशी शिफारस. कुटुंबासाठी वेगळा दाखला द्यावा, ज्यात मृत्यूचा उल्लेख नसेल. आणि एका परिच्छेदात, नाव नाही, फक्त ‘सोलापूर येथील एका साक्षीदार महिलेने’. जो माणूस स्वतः कळवून गेला त्याच्या कुटुंबासाठी शब्द समितीला सुचला नाही, सरकारनं विचार करावा, असं लिहिलंय. दोघा सदस्यांचा विरोध, त्यांची मतं शेवटी जोडली आहेत. चारच वर्षं हवीत म्हणतात. त्यांनीही कुणाचं तरी ऐकलं असेल, गौरीसारख्या कुणाचं.

मालकांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. चष्मा पुसला. म्हणाले, प्रूफ स्वच्छ आहे, चूक नाही. मालक मनातलं असंच बोलतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

विधेयक आजच्या कामकाजात होतं. गोंधळ, तहकूब. पुढच्या अधिवेशनात घेतील, नाहीतर सरकार शिफारशी न मानता आपलंच आणेल. काहीही होऊ शकतं. पुढचं वर्ष आलं की तसंही सातवं पूर्ण होतंय.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी दार वाजलं तर गौरी. बॅग छोटी, म्हणजे राहायला नाही. अत्तींच्या पाया पडली, चहा प्यायली. मग माझ्याजवळ येऊन खाली बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी, पाठ माझ्याकडे. म्हणाली, अहवाल वाचला, तीनदा.

बाहेर कुणीतरी सायकल धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता, आणि क्षणभर मला हे सगळं आधी कधीतरी स्वप्नात झाल्यासारखं वाटलं.

“आई, फोनवर ते म्हणाले वाट बघू नका. मग तू काय म्हणालीस?”

हे कुणीच विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या सदस्यांनी नाही, अत्तींनी नाही. मी स्वतःलाही नाही.

“मी बरं म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच. तेही झोपेतून उठल्यासारखे बोलत होते, आणि मीही.”

तिची पाठ तशीच होती. वळेल असं वाटलं, वळली नाही. उठलीही नाही. मी तिचे केस हातात घेतले आणि गुंता काढायला लागले.