न दिसणाऱ्या कामाची वेबसाइट

वडील साडूभाऊ यांस,

सुईदोरा बाजूला ठेवून, चष्मा कपाळावर चढवून आणि दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? डावा गुडघा आता दुमडतो का? (जिन्यावरून पाय घसरला असं आपण अक्कांना सांगितलंय, तोच गुडघा.) अक्कांना आमचा दोघांचा नमस्कार. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या घरचं सरकार, मजेत आहे. वर बसलेल्या त्याच्या कृपेने मीही धडधाकट आहे. फक्त या आठवड्यात माझी वेबसाइट झाली, त्याचा थोडा अशक्तपणा आहे.

हसू नका. आमच्या गल्लीतल्या दुकानात (दुकान म्हणजे जिन्याखालची ती जागा, जिथं आपण उभे राहिलात की मला बाहेर यावं लागतं) एक दिवस नाट्यगृहातल्या कपडेपटाच्या बाई आल्या. राजाचा एक झगा उंदरांनी कुरतडला होता, तो मी नीट करून दिला. बाईंनी तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, आम्हाला कपडेपटासाठी कायमचा रफूवाला हवा आहे, पण आमचं मंडळ कामाची वेबसाइट बघितल्याशिवाय कुणाचं नाव पुढं घेत नाही, तेव्हा गुरुवारपर्यंत पाठवा. मी म्हणणार होतो की बाई, मला सुईत दोरा ओवता येतो तेवढं पुष्कळ आहे. पण मागे आमची लेक मुंगी बसली होती. आपली भाची बारीक काम करते म्हणून मी तिला मुंगी म्हणतो, हे आपण जाणताच. तिला परगावच्या एका कचेरीत टेलिफोनवर गोड बोलण्याची नोकरी चालून आली आहे. माझ्या एकट्याच्या गिऱ्हाइकीत दोघांना पुरेल एवढं काम नाही. कपडेपटाचं काम मिळालं तर ती माझ्या शेजारी बसून रफू करणार, नाही मिळालं तर शुक्रवारी कचेरीला होकार कळवणार, असं आमचं ठरलेलं.  तिनं सुई थांबवून माझ्याकडे बघितलं. मी बाईंना म्हणालो, गुरुवार कशाला, बुधवारीच पाठवतो.

मुंगी म्हणाली, साधी वेबसाइट एका दुपारचं काम आहे, तयार साचा मिळतो, आपण रकाने भरायचे. पहिला रकाना होता 'माझ्याविषयी'. साडूभाऊ, मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. तिथं निबंधाची सुरुवात 'मी'ने केली की गुरुजी कान धरायचे. आता पन्नाशीला आल्यावर कान सोडवून घेणं सोपं नाही. बऱ्याच विचारानं मी लिहिलं की माझं यात काहीच नाही, धागा त्याचा, हात त्याचे, करून घेणारा तोच आहे. मुंगीनं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, असं लिहिलंत तर लोक काम घेऊन त्याच्याकडे जातील." ते पुसलं. पुढचा रकाना कौशल्याचा. त्यात प्रत्येक कामापुढे टक्के लिहायचे. शंभर टक्के लिहायला माझा हात धजेना, कारण तेवढं फक्त एकाच्या ठायी असतं. मी साठ लिहिले. मुंगी म्हणाली, उरलेल्या चाळीस टक्क्यांत कोट उसवणार का? मग नव्वदवर तोडगा निघाला. (उरलेले दहा देवाचे आहेत, हे मी मनात ठेवलं.)

खरी पंचाईत फोटोंची झाली. मांडणीवरचे तयार कपडे काढून मुंगीनं झकास फोटो घेतले. वकीलसाहेबांचा काळा कोट, दातांच्या डॉक्टरांची बाही, ग्रंथपालांची विजार. मी मोठ्या हौसेनं शेजारच्या चावीवाल्याला दाखवले. त्यानं सगळे बघितले आणि विचारलं, कपडे विकायला काढले का? मी म्हणालो, अरे, हे माझं काम आहे. तो म्हणाला, कुठाय? साडूभाऊ, इतकी वर्षं मी हेच म्हणवून घ्यायला झटलो. कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा काढायचा, भोकात त्याचीच वीण पुन्हा भरायची आणि मालकाला स्वतःचं भोक सापडेनासं करायचं, हा आमचा धंदा. काम जितकं चांगलं तितकं ते नाहीसं होणार. त्या कुठाय-चा मला अभिमान वाटला आणि लगेच लक्षात आलं की या अभिमानानं मंडळ पटायचं नाही.

मग मुंगीनं युक्ती काढली. जिथं रफू आहे तिथं फोटोवर लाल गोल काढायचा आणि खाली एक ओळ लिहायची. ओळी मी सांगितल्या आणि खरं तेच सांगितलं. 'वकिलांचा कोट, सिगारेटचं भोक.' 'दंतवैद्यांची बाही, चावा.' 'ग्रंथपालांची विजार, खुर्चीचा खिळा, मागील बाजू.' शेवटी मुंगीनं आपल्या करड्या कोटाचा फोटो घातला. निवृत्तीच्या वेळी अक्कांनी आपल्याला दिलेला तो कोट मुंगीनंच रफू केला होता, कारण तेव्हा माझा डोळा आला होता. (हे मी तेव्हाच सांगितलं होतं, पण आपण आरशात पाठ बघण्यात गुंतला होता.) तिचं ते पहिलं सबंध काम, म्हणून तिनं फोटो जपून ठेवला होता. गोल कुठं काढायचा यावर आमची जुंपली. मी म्हणालो इथं. ती म्हणाली, दोन बोटं खाली. मी म्हणालो, मी हा धंदा तुझ्या जन्माआधीपासून करतो. गोल मी म्हणालो तिथं पडला. ओळ लिहिली, 'एका आदरणीय नातेवाइकांचा कोट, सायकल, तारेचं कुंपण.'

काळजी नसावी. सारी हयात अक्कांच्या सायकलवर मागं बसलेला मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर मैदानामागं चोरून सायकल शिकतो, हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही.

वेबसाइट मंगळवारी झाली. चावीवाल्यानं कौतुकानं ती अख्ख्या गल्लीत पाठवली. बुधवारी दुकान उघडून हात जोडतोय तोच वकीलसाहेब हजर. घरी त्यांनी सिगारेट सोडलेली आहे. मागून डॉक्टर आले. बाही चावणारे त्यांचे सासरे निघाले आणि ते आता घरात कुणाशी बोलत नाहीत. (दातांचं काम अर्धवट राहिलंय, त्यामुळे जेवतही नाहीत.) डॉक्टरांनी वकिलांच्या गोलाची चौकशी केली, वकिलांनी डॉक्टरांच्या, आणि दोघंही माझ्यावरचा राग विसरून एकमेकांना हसायला लागले. मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात ग्रंथपाल आले. ते रागावले तेही कुजबुजत, त्यामुळे बाकीच्या दोघांना वाकून ऐकावं लागलं. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "आम्ही कपडा देतो तो भोक बुजवायला, गावाला दाखवायला नाही." खरं होतं ते. रफूवाल्याचं तोंडही शिवलेलंच बरं. मुंगीनं त्यांच्यासमोर एकेक फोटो काढून टाकला. जाताना डॉक्टर हळूच मला म्हणाले की सासऱ्यांचाही एक कोट आहे, तो उद्या पाठवतो.

गुरुवारी मंडळाला वेबसाइट गेली, तेव्हा तिच्यावर माझे नव्वद टक्के, दुकानाचा पत्ता आणि एकटा आपला कोट उरला होता. आपण परगावी असता आणि इंटरनेट वापरत नाही, म्हणून तो वाचला. मुंगीनं दप्तर आवरावं तसा सुयांचा डबा आवरला.  

आणि संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं. बाकीच्यांच्या वेबसाइटवर काम दिसलं, म्हणून त्यांना नकार कळवला. तुमच्या लाल गोलात आम्हाला काही म्हणजे काही दिसलं नाही. हा कोट घेऊन सोमवारी या. मुंगीनं कचेरीकडून मंगळवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे. तो कसा कुठून मार्ग काढतो, बघा. असो, गुडघ्याला शेक देत जा.

आपला नम्र,
धाकटा साडू

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. सोमवारच्या आत तो करडा कोट पाठवा. कपाटाची किल्ली अक्कांकडे असते हे मी जाणतो. ऐन उन्हाळ्यात लोकरी कोट कशाला हवा, याचं कारण तेवढं आपण शोधा. मुलांना इतकी वर्षं निबंध लिहायला लावलेत, आता एक आपण लिहा.

ता. क. दुसरा. कारण शोधू नका. आत्ताच अक्कांचा फोन आला. मुंगीनं मंगळवारीच मावशीला वेबसाइट पाठवली होती आणि बाईंचं उत्तर येताच कोटाचंही कळवलं होतं. अक्कांनी कोट सकाळच्या गाडीनं रवाना केला आहे. आपली सायकलची शिकवणी अक्का पहिल्या दिवसापासून गच्चीवरून बघत आहेत. निरोप एवढाच की उतारावर दोन्ही ब्रेक एकदम दाबू नयेत.

ता. क. तिसरा. फोनमुळे पत्र टाकायचं राहिलं, ते बरं झालं. आज सोमवार. बाईंनी कोट टेबलावर पसरला, माझ्या गोलाच्या जागी भिंग लावलं, नखानं चाचपलं आणि म्हणाल्या, कमाल आहे. मी मान खाली घालून उभा, कारण कोट हातात घेतल्यावर माझ्याही लक्षात आलं होतं. मुंगीला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाई, गोल चुकलाय. तिथं कोट कधी फाटलाच नव्हता. दोन बोटं खाली बघा."  बाईंनी दोन बोटं खाली भिंग नेलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, तुम्ही दाखवा. मी बघितलं. साडूभाऊ, रफूच्या त्या जागीही मला काही दिसलं नाही. बाईंनी भिंग मिटलं आणि मुंगीला विचारलं, उद्यापासून येशील? ती म्हणाली, बाबांना घेऊन येईन. वेबसाइटवर आता तिचं नाव वर आहे. तिच्यापुढे शंभर टक्के लिहायला मी सांगितलं. देव समजून घेईल.

ता. क. शेवटचा. हे पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवून परत पाठवतो आहे. आपले खिसे आधी कोण तपासतं, ते मला ठाऊक आहे. तेव्हा अक्का, नमस्कार. वाचून झालं की घडी होती तशीच घाला आणि त्यांना खूण दिसू देऊ नका.