भात्यामागे

६ सप्टेंबर

चि. बंड्यास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुला न भेटता तडक परत आले, कारण भेटले असते तर चारचौघांत तुझी खरडपट्टी काढली असती. चर्चचा तो मोडका ऑर्गन तू तीन वर्षं खपून उभा केलास. पाळकसाहेबांच्या निरोपाच्या उपासनेला तो पुन्हा वाजणार आणि वाजवणार माझा भाऊ, असं मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ऐटीत पहिल्या बाकावर जाऊन बसले, तर वाजवायला कोण? बेकरीवाले! तू वाजवायला लागलास की मंडळीला झोप येते, असं कमिटीत म्हणाले होते, तेच. आणि तुझा पत्ताच नाही. रुसून घरी बसला होतास की काय? खरं काय ते कळव.

रागावलेली, पण तुझीच,
आक्का

११ सप्टेंबर

ती. आक्कास, बंड्याचा प्रभूमध्ये सलाम.

रुसलो नव्हतो गं. ऑर्गनच्या मागे, फळीआड होतो. उपासनेच्या तोंडावर हवा भरणारी मोटर जळाली. मग भाता हातानेच ओढणं आलं. त्याचं चामडं मी ठिगळं लावून जोडलेलं, जरा जोर जास्त झाला की फाटणार. हात कुठे हलका ठेवायचा ते फक्त मला ठाऊक. आणि वाजवता येणारं दुसरं माणूस म्हणजे बेकरीवालेच. मीच त्यांना विनंती केली.

तुला म्हणून सांगतो, मनाला फार लागलं. पहिलंच गीत त्यांनी इतकं सुंदर उचललं, की वाटलं, हात जरा सैल सोडावा. सूर मरतील, फजिती त्यांची होईल, कोणाला कळणारही नाही. प्रभू म्हणतो तसा आपापला वधस्तंभ उचलायचा म्हणजे काहीतरी मोठं, जीव द्यायचं काम, असं मी समजत होतो. माझ्या वाट्याला भात्याचा दांडा आला. शेवटच्या गीतापर्यंत हवा कमी पडू दिली नाही. खांदा अजून वर होत नाही, तुझी भावजय शेकते आहे.

लोभ रागासकट असू दे.
तुझा बंड्या

१७ सप्टेंबर

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद, आणि खांद्याला दोन जास्त.

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे बराच वेळ चष्माच पुसत बसले. शेजारणी विचारतात, भाऊ छान वाजवतो ना. मी छाती फुगवून सांगते, त्या दिवशी माझा भाऊ भाता ओढत होता. भाता कसला, म्हणतात, मग त्यांना बसवून घेते आणि सगळं सांगते. खरं सांगू, तू वाजवलं असतंस तर मला एवढा अभिमान वाटला नसता. बेकरीवाल्यांना माझा सलाम सांग. हे लिहिताना हात जरा अडखळला, पण तू एवढं केलंस, मग मी इतकं तरी करावं.

एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. शेवटच्या गीताला मला रडू आवरेना. बेकरीवाल्यांच्या वाजवण्यावर आपण रडतोय, याचाच संताप आला आणि मी उठून बाहेर पडले. हवा तू भरतो आहेस हे माहीत असतं, तर तिथेच बसून पोटभर रडले असते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी आक्का