टाकणखाराची लाही

४ मार्च १९७४
चन्नूच्या तोंडात पांढरे चट्टे! चार महिन्यांचं लेकरू, दूध ओढता येईना, नुसतं किंचाळतंय. सासूबाईंनी तव्यावर टाकणखार टाकला, लाहीसारखा फुलला, तो मधात खलला. "चाटीव. आमच्या दुधनीत सगळी हेच करत्यात की." चाटवलं.

९ मार्च
चट्टे गेले! आता किरकिरला की चोखायची रबरी चुचकी त्याच मधात बुडवून देतो — मी शाळेत असले की सासूबाई, आल्यावर मी. लगेच गप्प होतो.

१४ मार्च
उलट्या. जुलाब. पोटात काही ठरेना.

१५ मार्च
सकाळी अंग पुसताना पाहिलं — सगळा लाल, उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा! सासूबाईंनी हातच जोडले. "देवी आल्यात. दवाखान्याला न्हेऊ नको." हे नुसते उभे. तेवढ्यात चन्नूचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी कुणाचं ऐकलं नाही. पोराला उचललं, टांगा गाठला.

१६ मार्च
सलाईन लावलंय. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दुधाशिवाय याला काय देता?" म्हटलं, काही नाही. मग आठवलं — टाकणखार. ते गर्रकन वळले. "किती दिवस?" "दहा-बारा झाले असतील." "अहो, एवढ्याशा जिवाला विष आहे ते!"

विष! आणि नववीच्या मुलींना बोरॅक्स म्हणून त्याचे उपयोग कोण शिकवतं? मीच! सोनार जोडाला डाग देताना वापरतो, काचेत घालतात, कपड्यांच्या खळीत, पिठात कालवून झुरळांसाठी. झुरळांसाठी! फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, घरी येऊन त्याच हातानं —

लिहवत नाही.

२० मार्च
कातडीचे पापुद्रे निघताहेत. पण आज दूध प्याला. राहिलं पोटात! हे व्हरांड्यात जाऊन रडले.

२४ मार्च
घरी आलो. डबीतला टाकणखार मोरीत ओतला. सासूबाई बघत होत्या. त्यांनी चन्नूला हातही लावला नाही. मला वाटलं, रागावल्यात.

२५ मार्च
दुपारी जवळ येऊन बसल्या. "तुज्या नवऱ्याच्या आदी माजी दोन लेकरं हुती. दोनी अशीच लाल होऊन गेली. आमी देवी म्हनलो."

लग्नाच्या सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

"तोंड आलतं दोगांचं. मीच चाटीवलं हुतं. त्यानंच गेली का गं?"

मला 'नाही' म्हणवेना.