पांढऱ्या पाटीची व्हॅन

९ जून २०२५
आज रूपरावजीची आनंदाबाई गेली. माह्या व्हॅनमंधी. अर्ध्या वाटेवर – उभ्या गाडीत!

सकाळी शेजारचे रूपरावजी पळत आले. "चंद्रभान, गाडी काढ. तुही वहिनी छाती धरून बसली, घामानं भिजून राह्यली." मागच्या सीटवर घेतलं. नाचणगावहून निघालो सेवाग्रामच्या दवाखान्यात. देवळीच्या अलीकडे आरटीओच्या तपासणीवाल्यानं हात दाखवला. पांढरी पाटी, आत पेशंट. "खासगी गाडीत भाड्यानं माणसं नेता? परवाना दाखवा." म्हटलं, साहेब, आधी बाईले पोहोचवू द्या, मंग गाडीले आग लावा. त्यानं किल्लीच काढून घेतली. "सरकारी ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. नियम सगळ्यांना सारखा."

पन्नास मिनिटं. रूपरावजी टावेलनं वारा घालत होते. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर उतरला, मनगट धरलं, परत चढला.

१० जून
पंचनाम्याचा कागद आला. 'वाहन जप्त.' बाईचं नाव कुठंच नाई.

१४ जून
सात वर्षं नेऊन राह्यलो लोकांले. पंचफुलाची पोट्टी तं याच सीटवर जन्मली. कोणी पेट्रोलपुरतं देल्लं, कोणी पिशवीभर वांगे. त्याईले चालत होतं, मले चालत होतं – मधात हा तिसरा कोण? गाडी घेतली, टॅक्स. पेट्रोल भरलं, टॅक्स. आन् वरून म्हणते, माणूस वाचवाले आमची परवानगी लागते! सरकारनं एकच काम करावं – बाजूले सरकावं.

हे सगळं चौकात ओरडून आलो. रूपरावजी तिथंच बसले होते. टावेल खांद्यावर टाकून उठून गेले.

२ जुलै
दंड भरला. गाडी सुटली.

२१ जुलै
सरपंच प्रभाकरराव घरी आले. पाच गावांसाठी पेशंटच्या गाडीचा सरकारी ठेका निंगाला म्हणे. "तू अर्ज टाक. दुसऱ्या कोणाले भेटला तं तू घरी बसशीन." म्हटलं, त्याईच्या दारात मी थुंकालेही जाणार नाई!

८ ऑगस्ट
अर्ज टाकला.

१६ सप्टेंबर
पिवळी पाटी लागली. पेशंट असो नसो, महिन्याचे पैसे पक्के. ठेक्याच्या अटीत लिहिलं आहे – पाच गावांत दुसऱ्या कोणी पेशंट नेऊ नये. दोनदा वाचलं. अट चांगली आहे.

५ नोव्हेंबर
वर्षाली – बंडूजीची सून, शाळेत मास्तरीण – सोताच्या कारनं पेशंट नेऊन राह्यली. फुकट! काल तिनं अण्णाजीले नेलं. आज पानठेल्यापाशी गाठून म्हटलं, "मॅडम, हे नियमात बसत नाई."

"काका, तुमाले तीन फोन केले. तुमी उचलला नाई. मंग का म्हाताऱ्याले बसवून ठेवाचं होतं?"

पानठेल्यावरचे सगळे हसले. जेवत होतो, म्हणून नाई उचलला. माणसानं जेवू नये काय?

घरी रुख्मिणीले सांगतलं. ती म्हणे, "पोरीचं काय चुकलं?" बायकोही तिकडूनच!

११ नोव्हेंबर
दुपारी वर्षालीची लाल कार वर्ध्याकडे जाताना दिसली. तपासणीवाल्याले फोन केला. माहं नाव नाई सांगतलं. नंबर सांगतला, रस्ता सांगतला. "आत्ताच अडवतो," म्हणे.

गाडीत कोण होतं, ते अजून कोणाले विचारलं नाई.