बाबांच्या पोटरीवरची खडूची रेघ

ती. आत्या,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे वाकत असतील, बीपीची गोळी चालू असेल, असं धरून पुढे लिहिते. इकडचं सगळं ठीक आहे असं लिही, असं बाबांनी सांगितलंय. लिहिलं.

गोष्ट गोचिडीची आहे. बाबा एका घोडेवाल्याच्या तबेल्यावर सूटचं माप घ्यायला गेले आणि गवतात बसले. (तुझा भाऊ शिंपी, गिऱ्हाईक उभं असलं की हा खाली बसणारच.) घरी आल्यावर आईला त्यांच्या पोटरीवर तीळ दिसला, आणि तिळाला पाय होते. आई रॉकेल आणायला निघाली, शेजारच्या काकू काडेपेटी. मी दोघींना अडवलं, दोरे उपटायच्या चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत धरली आणि सरळ वर ओढली. अख्खी आली. मग बाबांना बजावलं, की पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं. लाल चट्टा पसरायला लागला, ताप आला, डोकं किंवा सांधे दुखले, की डॉक्टर.

लक्ष ठेवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं, तिथेच घात झाला. आठवड्याभराने चट्टा उठला, तेव्हापासून रोज आंघोळ झाली की ते खडूने त्याच्याभोवती नवा गोल काढायचे. संध्याकाळी बघावं तर चट्टा रेघेच्या आत. घर निर्धास्त. परवा तो गोल पार नडगीपर्यंत आला, तेव्हा आईने विचारलं, की तुम्ही रेघ नेमकी मारता कुठे?

"अर्धा इंच सोडून," बाबा शांतपणे म्हणाले. "शिलाईला जागा नको?"

(उभ्या जन्मात या माणसाने कडेवरून रेघ मारलेली नाही.)

आता ताप आहे, तो म्हणे इस्त्रीचा. डोकं दुखतं ते मशीनच्या आवाजाने. सांधे कोटाच्या कामाने. आणि सूट दिल्याशिवाय डॉक्टरकडे जाणार नाहीत. काल त्यांच्या हातातून कात्री पडली. आत्या, ती कात्री पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

बाकी सगळं ठीक (हेही त्यांनीच सांगितलंय).

तुझी भाची

ता. क. पत्र एवढ्यासाठीच, की ते फक्त तुला घाबरतात. ये आणि कान धरून घेऊन जा.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत बाबांनी हे वाचलं. ताईला कळवू नकोस म्हणाले, चपला घातल्या आणि आपणहून डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गोळ्या मात्र पूर्ण संपवा. पत्र टाकणार नाही असं मी कबूल केलंय.

ता. क. ३. टाकतेय. ताप उतरल्याबरोबर बाबांनी उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या. कुणाच्या तरी कामी येतील म्हणे. तू येच.